घरच्या गच्चीवरचं सोलर : एका वर्षाच्या वहीतला हिशेब

माई_कराड

नमस्कार मंडळी. गेल्या वर्षी नोव्हेंबरात आमच्याकडे सोलर बसलं, तेव्हा इथल्या दोघा-तिघांनी विचारलं होतं, "खरंच किती वाचतं ते सांगा." तेव्हा सांगण्यासारखं हातात काही नव्हतं. आता नोव्हेंबर २०२४ ते ऑक्टोबर २०२५ असे बारा महिने वहीत उतरलेत. रोज संध्याकाळी दिवेलागणीला सोलरच्या इन्व्हर्टरवरचा (पॅनलची वीज घरात वापरण्याजोगी करणारं यंत्र) त्या दिवशी बनलेल्या युनिटचा आकडा लिहायचा, आणि महिन्याच्या शेवटी बिल त्याच पानाला टाचणीने लावायचं.

आमचं घर म्हणजे कराडजवळ खाली तीन, वर दोन खोल्यांचा बंगला. माणसं पाच. एक एसी, गीझर, बोअरची मोटर, फ्रिज, घरघंटी. वर्षाचा वापर ३,९०० युनिट, म्हणजे महिन्याला सरासरी ३२५. थंडीत २५०-२६०, एप्रिल-मेमध्ये ४२०-४५०.

पॅनल ५४० वॅटची सहा, एकूण ३.२४ किलोवॅट. खर्च १,९५,००० रुपये. पॅनलखालून उभं राहून चालता यावं, वाळवणं घालता यावीत म्हणून उंच स्ट्रक्चर घेतलं, त्याचे १५,००० वर. एकूण २,१०,०००. केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेचं अनुदान ७८,००० मिळालं. खिशातून गेले १,३२,०००.

आता उत्पादन. मार्चमध्ये सगळ्यात जास्त, ४४० युनिट. जुलैत सगळ्यात कमी, २०५. यंदा मे महिन्यातच पाऊस कोसळायला लागला, म्हणून मे ३६० वरच थांबला. वर्षाचे एकूण ३,९९० युनिट. विक्रेते "एका किलोवॅटला दिवसाला चार युनिट" सांगतात ना, ते आमच्याकडे वर्षभराच्या सरासरीने साडेतीनच्या खाली पडलं. आमच्या भागात पाऊसकाळ मोठा आहे. तुम्ही पंढरपूर-सांगोल्याकडे असाल तर बहुधा याहून बरं मिळेल.

बिलाचं म्हणाल तर सोलर नसतं तर या वापराला २०२४-२५ च्या दराने वर्षाला साधारण ४८,००० रुपये पडले असते (इंधन समायोजन आकार मी धरलेला नाही, तो दर महिन्याला हलतो). त्याच दराने आता वर्षाला ४,३०० च्या आसपास पडतात. त्यातले १,८०० तर स्थिर आकार आणि त्यावरचं वीज शुल्क. पॅनल कितीही लावली तरी हा भाग सुटत नाही. बचत ४३,७०० धरा. म्हणजे घातलेले पैसे तीन वर्षांत परत. हेच १,३२,००० सात टक्क्यांनी मुदत ठेवीत ठेवले असते तर वर्षाला नऊ-साडेनऊ हजार व्याज आलं असतं.

एवढं वाचून लगेच कुणी विक्रेत्याला फोन करू नका. मला सांगायचंय ते पुढे आहे. ही बचत आमच्या घराची आहे. तुमची वेगळी निघेल, आणि ती किती निघेल हे पॅनलच्या ब्रँडपेक्षा तुमच्या बिलाच्या मागच्या बाजूवर जास्त ठरतं. सोलर तुमचे कुठल्या टप्प्यातले युनिट पुसून टाकतं, तेवढंच बघा.

महावितरणचे घरगुती टप्पे ०-१००, १०१-३००, ३०१-५०० आणि ५०० च्या पुढे. २०२४-२५ मध्ये वीज आकार अधिक वहन आकार (तारांतून वीज घरापर्यंत आणण्याचा) मिळून युनिटमागे पहिल्या टप्प्याला ५ रुपये ८८ पैसे, दुसऱ्याला ११.४६, तिसऱ्याला १५.७२. वर १६ टक्के वीज शुल्क. जुलै २०२५ पासून दरपत्रक बदललंय, तेव्हा तुमच्या ताज्या बिलावरचे आकडे घाला. रीत तीच.

समजा तुमचा वापर महिन्याला ३४० आहे आणि एक किलोवॅट महिन्याला ११० युनिट देतो. पहिला किलोवॅट सगळ्यात महागडे युनिट खातो, ३४० वरून २३० वर आणतो. शुल्क धरून महिन्याला १,६६० रुपये वाचतात. दुसरा २३० वरून १२० वर आणतो, १,४६० वाचतात. तिसऱ्याच्या वाट्याला बहुतेक स्वस्त युनिट उरलेले असतात. त्याने ८८० वाचतात. आणि अनुदानही पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,०००, तिसऱ्याला १८,०००, त्यापुढे शून्य. म्हणजे तिसरा किलोवॅट आपल्याला जास्त खर्चाचा आणि कमी कमाईचा पडतो. तोटा नाही त्यात. पण "घ्यायचंच आहे तर पाच किलोवॅट घ्या ना मॅडम" असं कुणी म्हणालं, तर चौथा-पाचवा किलोवॅट नेमकं काय कमावणार, ते त्याच्याकडूनच कागदावर लिहून घ्या.

---

कृष्णाकाठ

माईताई, बरं केलंत लिहिलंत. मी सांगलीचा. आमचा वापर तुमच्यासारखाच, ३३०-३४०. तीन विक्रेते येऊन गेले. एक म्हणतो तीन किलोवॅट, दुसरा चार, तिसरा पाच. बिल मात्र तिघांपैकी एकानेही हातात घेतलं नाही. एक शंका आहे : थंडीत जे जादा युनिट महावितरणला जातात, ते उन्हाळ्यात परत वापरता येतात ना? विक्रेता म्हणाला "वर्षभर जमा राहतात".

---

माई_कराड

दादा, जमा राहतात. पण ते वर्ष ३१ मार्चला संपतं, आणि मी तिथेच फसले. नोव्हेंबर ते मार्च आमचं उत्पादन १,८९०, वापर १,४३०. जादा ४६० युनिट खात्यात होते. ते एप्रिल-मेच्या एसीला येतील असं मी धरून चालले होते. मार्चअखेर शिल्लक युनिटचा हिशेब होतो आणि पुढच्या बिलात त्याचे पैसे वळते होतात, पण अगदी कमी दराने. आपण वीज विकत घेतो त्या दराच्या जवळपासही तो नाही. म्हणजे ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर पाटी कोरी.

मग एप्रिल ते ऑक्टोबर या सात महिन्यांत आमचे ३७० युनिट कमी पडले, ते विकत घ्यावे लागले. सुदैवाने कुठल्याच महिन्यात १०० च्या वर गेले नाहीत, म्हणून स्वस्त टप्प्यात भागलं.

यातून आम्ही शिकलो ते असं की जानेवारी ते मार्च या काळात शिल्लक दिसली की ती घरातच वापरायची. येत्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गॅसऐवजी इंडक्शनवर स्वयंपाक करणार आहे. वर्षाचं दळण-कांडण, मसाले, गाद्या-गोधड्या धुणं, सगळं मार्चच्या आत.

---

वायरमन_तासगाव

मी परवानाधारक वायरमन आहे, सोलरची कामं चार-पाच वर्षं करतोय. माईंचा टप्प्याचा हिशेब बरोबर आहे. मी आपला छतावरचं बोलतो.

पैसे कुठे कापले जातात ते ऐका. पॅनल आणि इन्व्हर्टरची नावं कोटेशनमध्ये मोठ्या अक्षरात असतात, तिथे कुणी गडबड करत नाही. कापतात ते स्ट्रक्चर, केबल आणि अर्थिंगमध्ये. स्ट्रक्चर हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेलं पाहिजे. नुसता चंदेरी रंग मारलेला पाइप दोन पावसाळ्यांत सांध्यांना गंजायला लागतो. अर्थिंग तीन वेगळी : एक पॅनल आणि डीसीचं (पॅनलपासून इन्व्हर्टरपर्यंतची वीज), एक एसीचं (इन्व्हर्टरपासून घरात जाणारी वीज), एक आकाशातली वीज जमिनीत उतरवणाऱ्या लाइटनिंग अरेस्टरचं. एकाच खड्ड्यात तिन्ही तारा सोडलेल्या मी डोळ्यांनी बघितल्यात. आणि डीसी केबल सोलरचीच पाहिजे. घरातली साधी वायर उन्हात तडकते.

दुसरं, अनुदान पाहिजे असेल तर पॅनल डीसीआर लागतं, म्हणजे सेलसुद्धा भारतात बनलेला. बिगर-डीसीआर पॅनल स्वस्त मिळतं, पण त्यावर अनुदान नाही. प्रत्येक पॅनलच्या मागे अनुक्रमांक असतो. पॅनल वर चढवायच्या आधी सगळ्यांचे फोटो काढून ठेवा. एकदा बसलं की मागचं स्टिकर वाचायला पाठीवर झोपावं लागतं.

आणि सप्टेंबर २०२५ च्या २२ तारखेपासून सोलरच्या सामानावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय. जुन्या कोटेशनवर सही करू नका, नवीन मागा.

---

चादरगल्ली

आम्ही सोलापूरचे, दोनच माणसं. महिन्याला ६५-७० युनिट. माईताई, आम्हाला परवडेल का? मुलगा मागे लागलाय.

---

माई_कराड

काकू, खरं सांगते, तुम्ही घाई करू नका. ७० युनिटचं वीज आकार, वहन आणि शुल्क मिळून ४८० च्या आत येतं. वर्षाला ५,७०० रुपये. एक किलोवॅटला ६५,००० धरले आणि ३०,००० अनुदान वजा केलं तर ३५,००० घालून पैसे सुटायला सहा वर्षं. वाईट नाही, पण आमच्यासारखं तीन वर्षांत नाही.

मात्र एक बघा. दारिद्र्यरेषेखालच्या, तसंच महिन्याला १०० युनिटांच्या आत वापर असलेल्या आर्थिक दुर्बल ग्राहकांसाठी राज्य सरकारने २०२५ मध्ये 'स्मार्ट' नावाची योजना आणली आहे. त्यात केंद्राच्या अनुदानावर राज्याचं वेगळं अनुदान मिळतं. तुम्ही त्यात बसत असाल तर वरचा सगळा हिशेब बदलतो. महावितरणच्या तुमच्या उपविभागात जाऊन आधी तेवढं विचारा.

---

कोथरूडचा_सेक्रेटरी

सोसायटीवाल्यांसाठी लिहितो, कारण फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना "आपल्याला काय, आपली गच्ची नाही" असं वाटतं. आमची २८ फ्लॅटची जुनी सोसायटी. लिफ्ट, पाण्याचे पंप, जिन्यातले दिवे या सगळ्यांचं एक सामाईक मीटर, महिन्याला १,४०० च्या आसपास युनिट. आता माईंच्या टप्प्यांकडे बघा. पहिले ५०० सोडले तर उरलेले ९०० युनिट सगळ्यात वरच्या टप्प्यात! २०२४-२५ च्या दराने तो १७.८१, वर शुल्क.

आम्ही १० किलोवॅट बसवलं. सोसायट्यांना सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० अनुदान आहे, म्हणजे १,८०,०००. खर्च साडेपाच लाख, सोसायटीच्या निधीतून गेले ३ लाख ७० हजार. महिन्याला हजार-अकराशे युनिट पुसले जातात आणि ते बहुतेक सगळ्यात वरच्या टप्प्यातले, त्यामुळे बिल वीस-बावीस हजारांनी उतरलं. दीड वर्षाच्या आत पैसे परत. घरगुतीत इतक्या लवकर सुटलेलं मी तरी पाहिलं नाही.

पण हे सर्वसाधारण सभेत मंजूर करून घ्यायला आम्हाला दोन वर्षं लागली. विरोध सगळा वरच्या मजल्याचा होता, आणि त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. "स्लॅबला भोकं पाडाल आणि गळणार आमच्या बेडरूममध्ये." शेवटी एकही बोल्ट स्लॅबमध्ये मारायचा नाही, सिमेंटचे ठोकळे वर ठेवून त्यावर स्ट्रक्चर उभं करायचं, असं ठरावात लिहिलं. मग सगळ्यांचे हात वर झाले.

---

माई_कराड

सेक्रेटरी साहेब, तुम्ही ते ठरावात लिहिलंत. आम्ही नाही लिहिलं.

आमच्याकडे माणसं आली ती सकाळी नऊला, मी शाळेत. दुपारी घरी आले तर स्लॅबमध्ये ड्रिलने सोळा भोकं पाडून बोल्ट ठोकून झाले होते. "मॅडम, केमिकल भरलंय, थेंब गळणार नाही." जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मागच्या खोलीत, जिथे सासूबाई झोपतात, तिथे छताला ओल धरली. आधी चहाच्या बशीएवढा डाग, चार दिवसांत परातीएवढा. विक्रेत्याला पाच फोन केले. पाऊस उघडल्यावर येतो म्हणाला, आला नाही. सासूबाईंची कॉट दिवाणखान्यात आणावी लागली, आणि त्यांना दम्याचा त्रास आहे. शेवटी आमच्या नेहमीच्या गवंड्याने उघडीप बघून प्रत्येक बोल्टभोवती सिमेंटचा चौथरा घातला, वरून वॉटरप्रूफिंग केलं. ६,००० रुपये गेले. ते मी वरच्या हिशेबात धरले नव्हते, धरायला हवे होते.

पैशाचं इतकं नाही. त्या माणसाने एकदा येऊन बघितलं असतं तर बरं वाटलं असतं. म्हणून सांगते, शेवटचा हप्ता एका पावसाळ्यानंतर द्यायचा असं ठरवता येत असेल तर ठरवा. निदान १० टक्के तरी हातात ठेवा.

---

श्रीवर्धन_बंदर

आमच्याकडची गोष्ट वेगळी. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आमच्यावरूनच गेलं. पत्रे कागदासारखे उडाले, नारळ-पोफळी आडव्या झाल्या, पुढे कित्येक दिवस वीज नव्हती. त्यामुळे इथे कुणी सोलर म्हटलं की पहिला प्रश्न "वाऱ्याचं काय?"

माझं घर कौलारू आहे. कौलांवर पॅनल नको असं मी आणि सुतार दोघांनी ठरवलं. मागच्या खळ्यात जमिनीवर पाया घालून उभारलं. दोन फूट खोल काँक्रीट, स्ट्रक्चर ठेंगणं. माईताईंसारखं उंच स्ट्रक्चर किनाऱ्यावर घेऊ नका, खालून वारा शिरला की ते शिडासारखं फुगतं. गंजाचं तर विचारूच नका. खारा वारा. नटबोल्ट स्टेनलेस स्टीलचे घेतले, तरी वर्षातून एकदा सगळे तपासतो.

जमिनीवर घेतल्याचा तोटा म्हणजे सावली. माडाच्या झावळीची एक रेघ पॅनलवर पडली तरी त्या ओळीतल्या सगळ्या पॅनलचं उत्पादन पडतं, कारण ती एकामागोमाग एक जोडलेली असतात. दोन माड तोडावे लागले. आजोबांनी लावलेले होते. अजून त्या जागेकडे बघितलं की बरं वाटत नाही. हे नुकसान कुठल्या रकान्यात लिहायचं मला माहीत नाही, म्हणून इथे लिहितो.

---

म्हापशेकार

गोव्यातून लिहिते. आमच्याकडे घरगुती वीज महाराष्ट्राच्या मानाने बरीच स्वस्त आहे. त्यामुळे माईंचा तीन वर्षांचा आकडा गोव्यात कुणी डोळे मिटून धरू नये. तेवढंच पॅनल, तेवढंच ऊन, पण वाचणारा प्रत्येक युनिट कमी पैशांचा. माझ्या हिशेबाने आम्हाला याहून बराच जास्त वेळ लागेल. तरी बसवणार आहे, पण काय होणार हे माहीत असून बसवणार.

---

कृष्णाकाठ

माईताई, अजून एक. लाईट गेल्यावर सोलर चालतं का? एक विक्रेता हो म्हणतो, एक नाही म्हणतो. आणि कर्जाचं कसं?

---

वायरमन_तासगाव

जोड थेट लाइनीला असेल, म्हणजे ऑन-ग्रिड, तर लाईट गेली की सोलर बंद. कितीही ऊन असू दे. इन्व्हर्टर मुद्दाम बंद होतो, कारण खांबावर माझ्यासारखा कुणीतरी तार जोडत असतो. तुमच्या पॅनलची वीज उलटी लाइनीत आली तर त्याचा जीव जाईल. त्यामुळे ही सोय बंद करून देतो असं कुणी म्हणालं तर त्याला दारातूनच परत पाठवा. माझा एक सोबती खांबावर उलट्या आलेल्या करंटने गेला, सोलरच्या नाही, जनरेटरच्या. तेव्हापासून मी हे प्रत्येक घरी सांगतो.

बॅटरीचं हायब्रीड मिळतं, पण खर्च बराच वाढतो आणि बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते. दिवसातून तासभर लाईट जात असेल तर घरात असलेला जुना इन्व्हर्टर-बॅटरी ठेवा. तेवढ्यात दिवे-पंखे भागतात.

---

माई_कराड

हे आम्हाला आधी कुणी सांगितलं नव्हतं. सुरू झाल्यावर चौथ्याच दिवशी भर दुपारी लाईट गेली. सासूबाई अंगणात येऊन गच्चीकडे बघत उभ्या राहिल्या, म्हणाल्या, "एवढं ऊन पडलंय, मग पंखा का बंद?" मला उत्तर देता आलं नाही. आता आमच्या गल्लीत जो कुणी विचारायला येतो त्याला मी आधी हेच सांगते.

कर्जाचं : योजनेत दोन लाखांपर्यंत तारण न देता सरकारी बँका कर्ज देतात, व्याजदर रिझर्व्ह बँकेच्या रेपो दराशी जोडलेला, इतर वैयक्तिक कर्जाच्या मानाने बराच कमी. १,३०,००० ला साडेसहा टक्क्यांनी पाच वर्षं धरली तर हप्ता साधारण २,५५० येतो. आमची बचत सरासरी ३,६०० च्या वर आहे, म्हणजे हप्ता बिलातूनच सुटतो. फक्त अनुदान काम झाल्यावर, नेट मीटर (आलेली आणि परत गेलेली वीज दोन्ही मोजणारं) बसून तपासणी झाल्यावर खात्यात येतं. तोवरची पूर्ण रक्कम उभी करावी लागते.

आणि त्याआधी एक काम करा : वीजबिल कुणाच्या नावावर आहे ते बघा. आमचं सासऱ्यांच्या नावावर होतं, ते २०१६ मध्ये गेले. अर्ज, बँक खातं, बिल, सगळीकडे एकच नाव लागतं. बिलावरचं नाव बदलायला मृत्यूचा दाखला, वारसांची संमती, घराचा उतारा, दोन फेऱ्या, असा सव्वा महिना गेला. हे आधी केलं असतं तर दिवाळीआधी सुरू झालं असतं. गावाकडे निम्मी बिलं अजून आजोबांच्या नावावर आहेत. योजनेचा अर्ज नंतर, आधी हे.

---

ऑरेंज_सिटी

नागपूरहून. आमच्याकडे ऊन भरपूर, पण मे महिन्यात मार्चपेक्षा कमी युनिट निघाले तर घाबरू नका. पॅनलला प्रकाश हवा असतो, उष्णता नको. २५ अंशांच्या वर तापलं की प्रत्येक अंशामागे उत्पादन थोडं थोडं घटतं, आणि आमच्या मेमध्ये पॅनल ६०-६५ अंशांपर्यंत तापतं. खालून वारा खेळता राहील एवढी उंची ठेवा. किनाऱ्यावरच्या दादांचं बरोबर, पण विदर्भात उंच स्ट्रक्चरच बरं.

धुण्याचं पण सांगा कुणीतरी. किती दिवसांनी धुता?

---

माई_कराड

पंधरा दिवसांनी, सकाळी सातच्या आत, काच थंड असताना. तापलेल्या काचेवर गार पाणी टाकू नका. सुरुवातीला मी बोअरचं पाणी वापरलं आणि दोन महिन्यांत काचेवर पांढरट पापुद्रा बसला, गीझरच्या कॉइलवर बसतो तसा. आता नळाचं पाणी आणि लांब दांड्याचा मऊ मॉप. फेब्रुवारीत ऊस तोडणीच्या दिवसांत पाचट जाळतात, त्याची काजळी येऊन बसते. एकदा धुवायच्या आदल्या दिवशी १२.१ युनिट होते, दुसऱ्या दिवशी तसंच ऊन असताना १३.९. तेव्हापासून मी कंटाळा करत नाही.

आमच्या शेजारच्या पाटण तालुक्यातलं मान्याचीवाडी २०२४ मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम झालं. घरं, रस्त्यावरचे दिवे, गावाच्या पाण्याची योजना, सगळं सौरऊर्जेवर. आमच्या शाळेतल्या पोरांना मला तिथे न्यायचंय. पुस्तकात सौरऊर्जेचा धडा आहेच. तो छतावर जाऊन बघितला तर डोक्यात बसेल.

---

कृष्णाकाठ

माईताई, बारा बिलं काढली. बायकोने जेवणाच्या टेबलावर मांडली, मुलीने बेरीज केली. वर्षाचे ४,०६०. आता अडचण एकच. दक्षिणेला आमच्याच जिन्याची खोली आणि वर पाण्याची टाकी. विक्रेता म्हणतो "काही फरक पडत नाही".

---

माई_कराड

दादा, त्याच्या शब्दावर जाऊ नका. योगायोगाने दिवस चांगला आहे. डिसेंबरच्या २१-२२ ला सूर्य वर्षातला सगळ्यात खाली असतो, सावली सगळ्यात लांब. या रविवारी सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीनला गच्चीवर जा आणि खडूने सावलीची कड आखा. त्या तिन्ही रेघांच्या बाहेर जी जागा उरेल, ती जवळजवळ वर्षभर, निदान नऊ ते तीन, उन्हात असेल. एका किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट धरा आणि किती बसतं ते बघा.

---

कृष्णाकाठ

आज आखलं. टाकीचं टोक स्लॅबपासून अकरा फुटांवर आहे. बाराला सावली साडेनऊ फूट आली, नऊला मात्र बावीस फूट लांब, थेट पश्चिमेकडच्या कठड्यापर्यंत. मुलगी टेप धरायला होती. तिन्ही रेघांच्या बाहेर ईशान्येच्या कोपऱ्यात साधारण २३० चौरस फूट जागा उरते. म्हणजे दोन किलोवॅट बसतात, तिसरा नाही.

खडूच्या रेघा पुसू नका म्हणून घरात सांगून ठेवलंय. उद्या विक्रेत्याला वर नेऊन दाखवणार आहे.